धावपट्टीवर गाय नव्हती

नोटीस आली तेव्हा थोरली सोळा वर्षांची होती आणि तिची धाकटी बहीण सात. मधली दोन भावंडं होऊन गेली होती. त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. गाव त्रेचाळीस घरांचं. युद्धाच्या कामासाठी ही सपाट जमीन सरकारला हवी आहे, आठ दिवसांत घरं रिकामी करावीत, युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल, असं नोटिशीत होतं. वाचून दाखवणाऱ्या कारकुनाने शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जे दोनदा सांगावं लागतं त्यावर किती विसंबायचं, हे त्यांना कळत होतं.

थोरलीचे बाबा सुतार. आपल्याच हातांनी बसवलेली दारं, खिडक्या, चौकटी त्यांनी आपल्याच हातांनी उचकटून काढल्या, कारण लाकूड चांगलं होतं आणि सरकारला त्याचं काही पडलेलं नव्हतं. आठव्या दिवशी घराला नुसती भोकं उरली. आईने तरीही जायच्या आधी जमीन झाडून काढली. "आता कशाला?" बाबांनी विचारलं. "घाण टाकून गेले असं नको म्हणायला कोणी," आई म्हणाली.

तीन मैलांवर सरकारने पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. दोन खोल्यांत चौघं आणि मागच्या आडोशाला तांबडी. तांबडी ही त्यांची गाय.

पाच महिन्यांत गाव सपाट झालं. घरांचा राडारोडा विहिरीत गेला, विहिरीवर खडी पडली, खडीवर सिमेंट. मैलभर लांबीची राखाडी पट्टी तयार झाली. तिचं पूर्वेकडचं टोक जिथे होतं, तिथे आधी सुताराचं घर होतं. बाबांना कामही तिथेच मिळालं. आधी सिमेंट ओतायच्या फळ्यांचं, मग वर्कशॉपमध्ये खोकी बनवायचं. आपल्या घरावर आपणच फळ्या ठोकल्या हे त्यांनी एकदा जेवताना सांगितलं. आईने भाकरी वाढली, मग त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

विमानं आली आणि एक वेगळीच पंचाईत उभी राहिली. माणसांनी नोटीस ऐकली आणि ती निघून गेली. जनावरांना कोण वाचून दाखवणार? दावं सुटलं की गावातल्या गाई-म्हशी तीन मैल चालत यायच्या आणि जिथे त्यांचे गोठे होते नेमक्या त्या जागी, धावपट्टीवर, रवंथ करत उभ्या राहायच्या. वर विमान घिरट्या घालतंय, खाली तीन शिपाई एका म्हशीला ढकलतायत, असं चित्र आठवड्यातून दोनदा दिसू लागलं. तळाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते एके दिवशी वर्कशॉपमध्ये बाबांसमोर येऊन उभे राहिले.

"सुतार, कुंपण तारेचं आहे, पण पूर्वेच्या कोपऱ्यात गाड्यांसाठी वाट ठेवलीय. तिथे आडवा वासा बसव, आणि एक माणूस बसव."

"माणसं सगळी तुम्हीच भरती करून नेलीत, साहेब."

मोठ्या साहेबांनी वर्कशॉपभर नजर फिरवली. मग म्हणाले, "घरात कोण आहे?"

अशी थोरली कामाला लागली. वाळूच्या पोत्यांची छातीएवढी भिंत, वर पत्रा, बसायला बाबांनीच केलेलं स्टूल. हातात काठीला बांधलेलं लाल फडकं आणि गळ्यात शिट्टी. काम सोपं होतं. गाडी आली की वासा वर, गाडी गेली की वासा खाली. जनावर दिसलं की हाकलायचं. सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत जागा सोडायची नाही. शेजारच्या बाया म्हणायच्या, सुताराच्या पोरीने गुरं राखायची ती राखलीच, फक्त सरकारी झाली. थोरलीलाही हसू यायचं. पहिल्या महिन्यात तिला ते काम आवडलंही.

तेल लागलेल्या कपड्यांतला एक मेकॅनिक गाडीतून जाताना तिच्याशी दोन शब्द बोलायचा. त्याने तिला विमानं मोजायला शिकवलं. "सकाळी गेली किती ते लक्षात ठेव. परत येताना मोज. आम्ही सगळे हेच करतो." ती मोजू लागली. गेली सात, आली सात. गेली सात, आली सहा. पहिल्यांदा सहा आली त्या दिवशी ती अंधार पडल्यावरही बसून राहिली. बाबा न्यायला आले तेव्हा उठली. नंतर नंतर ती नुसतं मोजायची. उणे एक, उणे दोन. घरी कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षातली गोष्ट. सकाळी सहा विमानं गेली. ती परत यायची वेळ दुपारी तीनच्या पुढची. साडेबाराच्या सुमाराला धाकटी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन आली. रोज आई यायची; त्या दिवशी आई छावणीच्या स्वयंपाकघरात भांड्यांच्या कामाला गेली होती. धाकटीने डबा खाली ठेवला आणि पोत्यांना टेकून बसली. थोरलीने तिच्या कपाळाला हात लावला. अंग चुलीसारखं तापलेलं.

"तू अशी चालत आलीस?"

"आई म्हणाली डबा नेऊन दे."

"आईला सांगितलं नाहीस अंगात ताप आहे म्हणून?"

"तेव्हा नव्हता."

उन्हात तीन मैल तिला एकटीला परत पाठवणं शक्य नव्हतं, आणि बाबांचं वर्कशॉप पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. पाव मैलावर रस्त्याला खडीच्या गाड्या उभ्या असायच्या, त्यातला एक म्हातारा ड्रायव्हर ओळखीचा होता. तो रिकामी गाडी घेऊन खोल्यांच्या बाजूनेच जायचा. विमानं यायला अडीच तास होते. थोरलीने वासा खाली केला, धाकटीला पाठुंगळी घेतलं आणि ती निघाली. ड्रायव्हर जेवत होता. त्याचं जेवण होईपर्यंत थांबावं लागलं. त्याने धाकटीला शेजारी बसवलं, गाडी सुरू केली. सगळं मिळून अर्धा तास झाला असेल.

परत येताना तिला दोन गोष्टी एकदमच कळल्या. विमानाचा आवाज येत होता, आणि तो नेहमीचा नव्हता. एक इंजिन चालू, एक बंद. आणि धावपट्टीच्या टोकाला, सुताराच्या घराच्या जागी, तांबडी उभी होती. तिचे दिवस भरले होते. सकाळी आडोशाला अस्वस्थ होती हे थोरलीने पाहिलं होतं. माणूस असो की जनावर, बाळंतपणाला आपली जागा शोधतं. वाशाच्या खालून वाकून ती आत शिरली होती.

थोरली पळाली. शिट्टी फुंकत, लाल फडकं हलवत पळाली. तांबडीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि जागची हलली नाही. विमान खाली आलं होतं. चाकं टेकली. मग वैमानिकाला गाय दिसली असणार, कारण नाक किंचित उजवीकडे वळलं. फार नाही, हातभर. उजवं चाक सिमेंटवरून उतरून मऊ मातीत गेलं, विमान तिथेच गिरकी घेऊन एका पंखावर आडवं झालं आणि पेटलं.

आत पाच जण होते. कोणी बाहेर आलं नाही.

थोरली उभी राहिली. कोणीतरी तिला बाजूला ढकललं, पाण्याच्या गाड्या आल्या, ओरडाआरडा झाला. तिला नंतर आठवायचं ते एवढंच, की शिट्टी तिच्या तोंडातच होती आणि श्वास सोडला की आपोआप वाजत होती. शेवटी मेकॅनिकने ती तिच्या ओठांतून काढून घेतली.

तांबडी व्यायली. तिथून शंभर पावलांवर, कुंपणाच्या कडेला. बाबांनी गाय आणि वासरू दोन्ही त्याच दिवशी कुठेतरी नेऊन दिलं. कोणाला दिलं ते सांगितलं नाही.

तीन दिवसांनी चौकशी झाली. तंबूत टेबल, टेबलामागे तीन अधिकारी, मधले मोठे साहेब. बाबा थोरलीच्या आधी बोलले. "गाय माझी. वासा मी बसवला. तो उंच बसला. पोरीचा काही संबंध नाही." थोरली म्हणाली, "मी जागेवर नव्हते." अधिकारी आपसात हळू आवाजात काहीतरी बोलले. मग मोठ्या साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मुली, नीट ऐक. ते विमान गोळ्या खाऊन आलं होतं. एक इंजिन बंद होतं. अशी विमानं पडतात. पाच घरांना पत्रं गेलीत, त्यात हेच लिहिलंय. लढताना गेले. समजलं?"

"पण तांबडी तिथे…"

"धावपट्टीवर गाय नव्हती," मोठे साहेब म्हणाले. ते रागावलेले नव्हते. दमलेले होते. "सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला मीच तिथे बसवलं हेही कागदावर येणार नाही. तुझ्यासाठीही बरं, माझ्यासाठीही. जा घरी."

शिक्षा झाली असती तर भोगता आली असती. बाबांनी मारलं असतं, आई रडली असती, तर निदान काही झालं असं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. आईने त्या संध्याकाळी नेहमीसारखं वाढलं. गाईचं दावं आडोशाला तसंच पडलं होतं, ते दुसऱ्या दिवशी दिसेनासं झालं. धाकटीचा ताप पाचव्या दिवशी उतरला. घराने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. थोरलीला वाटलं, आता रडू येईल, मग येईल. पाय बधिर झाला की आपलाच पाय लाकडासारखा लागतो, तसं तिला आतून लागत होतं. मुंग्या येतील म्हणून तिने वाट पाहिली. त्या आल्या नाहीत.

युद्ध संपलं. विमानं एका आठवड्यात निघून गेली, तंबू गेले, पत्रे लिलावात गेले. जमीन परत मिळाली नाही. गावकऱ्यांनी अर्ज केले; अर्जांना उत्तरं आली; उत्तरांत नवे अर्ज करायला सांगितलेलं असे. अर्ज करणारे एकेक करून मेले आणि प्रकरण आपोआप निकाली निघालं. टॉवरच्या काचा पोरांनी फोडल्या. धावपट्टीच्या फटींतून गवत आलं, मग झुडपं. मोटार शिकवणारे तिथे नवशिक्यांना घेऊन येऊ लागले, कारण आपटायला काही नव्हतं. लोक सुगीत धान्य वाळत घालायचे. साठ-पासष्ट वर्षं ती जागा अशीच, ना घरची ना घाटची, पडून राहिली.

थोरली शहरातल्या कापडगिरणीत लागली. तिचं काम कापड तपासायचं. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत राहायचं, आणि सुटलेला दोरा, गाठ, डाग दिसला की खडूने खूण करायची. अठ्ठावीस वर्षं तिने ते काम केलं. मुकादम म्हणायचा, या बाईच्या नजरेतून माशीचा पायसुद्धा सुटत नाही. पाणी प्यायलाही ती बदली माणूस आल्याशिवाय उठत नसे. मैत्रिणी चेष्टा करायच्या, "अगं, कापड काय पळून जाणारेय का?" ती हसायची, पण उठायची नाही.

लग्न केलं नाही. स्थळं आली होती, तिने नाही म्हटलं. का, हे विचारायला आई-बाबा फार वर्षं उरले नाहीत. धाकटीचं लग्न मात्र तिने हौसेने करून दिलं. तिचा नवरा गेला, मुलगा परदेशी गेला, आणि साठी उलटल्यावर धाकटी आपली ट्रंक घेऊन ताईकडे राहायला आली. दोन खोल्या, एक गॅलरी. दोघी सकाळी भाजी निवडायच्या, दुपारी रेडिओ ऐकायच्या, आणि पंखा किती वेगाने ठेवायचा यावरून रोज भांडायच्या.

थोरली चौऱ्याऐंशी वर्षांची असताना मास्तर आले. निवृत्त शाळामास्तर, पासष्टीचे, काखेत जाडजूड फाइल. धावपट्टी आता फुटणार होती. तिथे मालाची गोदामं उभी राहायची होती. त्याआधी विमानतळाचा इतिहास लिहून ठेवावा असं त्यांनी मनावर घेतलं होतं. गोदामवाल्यांनी त्या विमानातल्या पाच जणांच्या नावाचा एक दगड बसवायचंही कबूल केलं होतं.

"मावशी, तळावर काम केलेलं कोणी उरलंय का म्हणून जुन्या गावकऱ्यांना विचारत होतो. सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं. तुम्ही गेटवर होता ना?"

"वाशावर."

"तेच. मग तो अपघात तुम्ही पाहिला असेल." मास्तरांनी फाइल उघडली. "माझ्याकडे चौकशीच्या कागदाची नक्कल आहे. शत्रूच्या गोळीबाराने इंजिन निकामी, उतरताना ताबा सुटला. तुम्हाला काही वेगळं आठवतं का? म्हणजे रंग, आवाज, असं काही. पुस्तकात जिवंतपणा येतो."

धाकटी समोर बसून शेंगा सोलत होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"धावपट्टीवर गाय होती," ती म्हणाली.

मास्तरांचं पेन थांबलं. "कागदात गाय नाही, मावशी."

"कागदात नाही. धावपट्टीवर होती. आमचीच. तिला चुकवायला त्याने विमान वळवलं. इंजिन एक बंद होतं, पण चाकं नीट टेकली होती. गाय नसती तर ते उतरले असते."

मग मास्तरांनी हळूच विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी जागेवर नव्हते. पाणी प्यायला गेले होते."

धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पाणी मी आणलं होतं, ताई," ती म्हणाली.

थोरलीने मान वर केली नाही.

"बाटलीतून आणलं होतं. झाकण नव्हतं म्हणून वर फडकं बांधलं होतं. तू ते प्यायलीसुद्धा नाहीस, माझ्या डोक्यावर ओतलंस." धाकटीचा आवाज शेंगांबद्दल बोलावं इतका साधा होता. "मास्तर, ती मला गाडीवर बसवायला गेली होती. मला ताप होता. गाडी वळणावर होती तेव्हा धूर दिसला. ड्रायव्हर म्हणाला, तिकडे बघू नकोस. मी बघितलं."

"तुला आठवतं?" थोरलीने विचारलं.

"सगळं."

"मग इतकी वर्षं बोलली कशी नाहीस?"

"तू कुठे बोललीस? मला वाटलं, माझ्यावर राग असेल म्हणून बोलत नाहीस. म्हटलं कशाला उकरून काढा."

"राग कसला. तू आठ-नऊ वर्षांची होतीस."

"तू तरी केवढी होतीस," धाकटी म्हणाली आणि शेंग सोलायला लागली. थोड्या वेळाने थोरलीनेही परातीतली एक मूठ आपल्याकडे ओढली. मास्तर फाइल मांडीवर घेऊन बसून राहिले. चहा झाला. जाताना त्यांनी विचारलं, "हे लिहू का?"

"लिहा," थोरली म्हणाली. "मोठे साहेब गेले, बाबा गेले. आता कोणाला अडचण होणार?"

मास्तरांनी लिहिलं. दगडावरची अक्षरं मात्र आधीच कोरून झाली होती; तिथे गोळीबारच राहिला. दगड बसवायच्या दिवशी मास्तर दोघींना आपल्या गाडीतून घेऊन गेले. धावपट्टी अर्धी फोडून झाली होती. सिमेंटचे तुकडे डोंगरासारखे रचले होते. गोदामाचा मॅनेजर बोलला, मास्तर बोलले, पंधरा-वीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. वैमानिकाची मुलगी आली होती. तीही आता सत्तरीला टेकली होती. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. मास्तरांनी तिला पुस्तकाचं ते पान आधीच पाठवलं होतं.

ती आपण होऊन थोरलीपाशी आली. दोघी खुर्च्या जवळ ओढून बसल्या.

"तुम्हीच ना?"

"मीच."

"मला ते आठवत नाहीत. फोटो आहे फक्त. आई सांगायची की ते लगेच गेले, त्यांना काही कळलं नसेल. खरं का?"

थोरलीने विचार केला. मास्तरांनी पुस्तकासाठी विचारलं होतं; ही स्वतःसाठी विचारत होती, आणि उत्तर तिला ठाऊक होतं. "नाही," ती म्हणाली. "त्यांना गाय दिसली होती. त्यांनी वळवलं. तेवढं त्यांना कळत होतं."

मुलीने मान हलवली. हातातला रुमाल तिने एकदा उलगडला आणि पुन्हा घडी केला.

"गाईला लागलं नव्हतं ना?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. आणखी काहीतरी बोलायचं असावं तशी ती थोडा वेळ बसली, मग तिला फोटोसाठी हाक आली आणि ती उठून गेली. जाताना तिने थोरलीच्या दंडावर क्षणभर हात ठेवला. थोरलीला त्या हाताचं वजन कळलं. त्यापलीकडे काय वाटलं ते तिला सांगता आलं नसतं.

परतीच्या वाटेवर मास्तर पुढे बसून गोदामांविषयी बोलत होते, किती नोकऱ्या निघणार, रस्ता कसा रुंद होणार. मागे धाकटीने काच थोडी वर केली.

"बरं वाटलं का, ताई?"

थोरली बाहेर पाहत होती. खडीने भरलेल्या गाड्या एकामागून एक समोरून येत होत्या.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "पाय दुखतायत."

धाकटीने वाकून तिच्या चपलेचा पट्टा सैल केला.